कथेंतील हेराचें नामकरण

आमच्या शाळेंतील मुलांस हेरांच्या व गुन्ह्यांच्या तपासाच्या गोष्टी फार प्रिय असतात. वाचावयास तर त्या आवडतातच, परंतु लिहावयास बसलें तरी लेखणी त्याच वाटेनें धांवते. अशा गोष्टींत चोरवाटा असतात, अर्धवट जळलेलीं पत्रें असतात, मध्यरात्रीं कुलपांत किल्ली फिरल्याचा आवाज असतो. परंतु ज्याच्याभोंवतीं हा सारा व्यूह रचावयाचा, त्या हेराचें नांव मात्र लेखणी हातीं घेतल्यावर जें पहिलें सुचेल तेंच पुष्कळदां ठेवण्यांत येतें. घरांत मूल जन्मास आलें म्हणजे नांवासाठीं केवढा खल होतो! कोणाकडे बारसें असतें, कोणाकडे बाप्तिस्मा, कोणाकडे आणखी निराळा विधि. पण विचार केल्यावांचून मुलाचें नांव कोणी ठेवीत नाहीं. कथेंतील माणसाला आत्या नसते. तिचें काम लेखकासच करावें लागतें. तें काम कसें करावें, व जाणत्या लेखकांनीं तें कसें केलें आहे, ह्याचा थोडा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'हेर' हा शब्द 'हेरणें' ह्या क्रियापदाशीं जोडलेला आहे. जो बारीक नजरेनें पाहून ठेवतो तो हेर. 'जासूद' हा शब्द मूळ अरबी 'जासूस' ह्यावरून आपल्याकडे आला, व जुन्या मराठी कागदपत्रांत जासूद बातमी काढतो तसाच पत्रेंही पोंचवितो. 'गुप्तहेर' हा शब्द मात्र आपण दोन अगदीं भिन्न माणसांस लावतों. एक परमुलखांत वेष पालटून राहतो व तेथील बातमी आपल्या धन्यास कळवितो. दुसरा आपल्याच शहरांत राहून चोरीचा किंवा खुनाचा तपास लावतो. पहिल्याचें खरें नांव उघड झालें कीं त्याचा घात होतो. दुसऱ्याचें नांव जितकें गाजेल तितकें त्याचें काम वाढतें. एकाचें नांव ही झांकून ठेवण्याची वस्तु, तर दुसऱ्याचें नांव ही दारावरची पाटी. आपल्या कथेंतील माणूस ह्या दोहोंपैकीं कोण, हें ठरविल्यावांचून त्याच्या नांवाचा विचार सुरूच होऊं शकत नाहीं.

एका माणसाचीं तीन नांवें

परमुलखांत राहणाऱ्या माणसास तीन नांवें लागतात: एक आईबापांनीं ठेविलेलें, दुसरें वेषाबरोबर घेतलेलें, आणि तिसरें फक्त आपल्याच मंडळींत चालणारें. ही युक्ति आधुनिक आहे असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ती महाभारतांतील विराटपर्वांत स्पष्ट सांपडते. पांडवांस बारा वर्षें वनवास व तेरावें वर्ष अज्ञातवास भोगावयाचा होता, आणि तेराव्या वर्षीं ओळख पटली तर पुन्हां बारा वर्षें वनांत जावें लागणार होतें. म्हणून विराटाच्या नगरांत युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा, नकुल ग्रंथिक, सहदेव तंतिपाल व द्रौपदी सैरंध्री झाली. ह्या वेषाच्या नांवांबरोबरच युधिष्ठिरानें आपसांत वापरावयासाठीं आणखी पांच गुप्त नांवें ठरविलीं: जय, जयंत, विजय, जयत्सेन व जयद्बल.

तिसऱ्या नांवाची गरज काय, ह्याचें उत्तर त्याच पर्वांत पुढें मिळतें. भीमानें कीचकास ठार केल्यावर त्याच्या भाऊबंदांनीं द्रौपदीला बांधलें व कीचकाच्या प्रेताबरोबर जाळून टाकण्याकरितां श्मशानाकडे चालविलें. अशा वेळीं ती हांक तरी कोणास मारणार? 'भीमा' म्हणून ओरडली असती तर सर्वांचा अज्ञातवास तेथेंच संपला असता. 'बल्लवा' म्हणून ओरडली असती तर राजाच्या आचाऱ्याशीं हिचें नातें काय, असा प्रश्न उठला असता. तिनें तींच पांच गुप्त नांवें घेऊन आक्रोश केला. ऐकणाऱ्यांस त्यांतून कांहीं उमगलें नाहीं. भीमास मात्र सर्व उमगलें, आणि तो धांवून गेला. लेखकानें पूर्वीं पेरून ठेविलेलें एक लहानसें नांव ऐन प्रसंगीं एक जीव वांचवितें. नांव आधीं विचारपूर्वक ठेवलें नसतें तर हा प्रसंग लिहितांच आला नसता.

एक दोष मात्र दाखवावासा वाटतो. हीं पांचही नांवें 'जि' ह्या एकाच धातूपासून निघालेलीं आहेत. त्यांपैकीं एक शत्रूच्या कानीं पडलें तर उरलेलीं चार ताडण्यास फार बुद्धि लागणार नाहीं. आपल्या गोष्टींतील टोळीस सांकेतिक नांवें देतांना एका माळेंतील मणी देऊं नयेत, हा धडा येथें घ्यावा.

खऱ्या आयुष्यांतलें उदाहरण दुसऱ्या महायुद्धांतील आहे. बडोदें येथें जन्मलेले गायक व सूफी उपदेशक इनायत खान ह्यांची कन्या नूर इनायत खान ही १९४३ च्या जून महिन्यांत जर्मनांनीं व्यापिलेल्या फ्रान्समध्यें बिनतारी यंत्र चालविणारी म्हणून इंग्लंडांतून उतरली. मुलांसाठीं जातककथांचें पुस्तक लिहिणारी ही शांत स्वभावाची मुलगी. तिच्या कागदांवर नांव होतें जान-मारी रेनिए, व धंदा होता मुलें सांभाळण्याचा. सहकाऱ्यांत ती 'मादलेन' ह्या नांवानें ओळखली जाई. ती पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजीं डाखाउ येथील छावणींत तिला गोळी घालण्यांत आली. १९४९ सालीं ब्रिटिश सरकारनें तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. विशेष ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं तिचें वेषाचें नांव अगदीं साधें, फ्रान्समधील हजारों घरांत शोभेल असें होतें. वेषाचें नांव लोकांच्या मनांत राहतां कामा नये. तें ऐकतांच विसरलें जावें, ह्यांतच त्याचें यश.

मुद्राराक्षसांतील हेर

हेरांच्या नामकरणाचा सर्वांत चांगला पाठ विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकांत मिळतो. ह्या नाटकाची ढुंढिराजांच्या टीकेसह चिकित्सक आवृत्ति आपल्याच मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांनीं तयार केली व ती १८८४ सालीं प्रसिद्ध झाली. तेलंग पुढें मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश व मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरु झाले. ह्या नाटकांत चाणक्य व नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य राक्षस ह्यांचा डाव चालतो, आणि सोंगट्या म्हणून दोघेही हेरच वापरतात.

चाणक्याचा एक हेर यमाचें चित्रपट दाखवीत घरोघर फिरतो. त्याचें नांव निपुणक. नांवांतच गुण सांगितलेला आहे, पण शेवटच्या 'क' प्रत्ययानें तो लहान माणूस, धन्याच्या आज्ञेंतला, हेंही कळतें. सिद्धार्थक, समिद्धार्थक, करभक हीं त्याच घडणीचीं नांवें. राक्षसाचा हेर विराधगुप्त हा गारुड्याच्या वेषांत येतो व स्वतःस जीर्णविष म्हणवितो. सापांच्या संगतींत आयुष्य घालविलेल्या गारुड्यास हें नांव किती शोभतें! धंदा व नांव एकमेकांस साक्ष देतात, म्हणून ऐकणाऱ्यास शंका येत नाहीं.

राक्षसानें चंद्रगुप्ताच्या नाशाकरितां जीं माणसें पेरलीं त्यांचीं नांवें पाहण्यासारखीं आहेत. सुतार तो दारुवर्मा. 'दारु' म्हणजे लांकूड, तेव्हां धंदा नांवांतच आला. औषधांतून विष देणारा वैद्य तो अभयदत्त. ज्यानें अभय द्यावयाचें तोच मृत्यु घेऊन येतो, आणि शेवटीं तें औषध त्यालाच प्यावें लागतें. शयनमंदिरावरील अधिकारी प्रमोदक हा राक्षसानें दिलेलें द्रव्य उधळूं लागला व त्या उधळपट्टीनेंच उघडा पडला. बीभत्सक व त्याचे साथीदार शयनगृहाच्या भिंतीखालच्या विवरांत दबा धरून बसले; परंतु एका फटींतून मुंग्या अन्नाचे कण घेऊन बाहेर पडत असलेल्या चाणक्याच्या दृष्टीस पडल्या, आणि आंत माणसें आहेत हें त्यानें ओळखलें. नांव भयंकर असलें तरी एवढ्याशा मुंगीपुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं.

परंतु सर्वांत खोल जाणारें नांव जीवसिद्धीचें. हा क्षपणकाच्या वेषांत राहून राक्षसाचा जिवलग मित्र बनलेला असतो. वस्तुतः तो चाणक्याचा सहाध्यायी इंदुशर्मा होय. प्रेक्षकांस हें पहिल्याच अंकांत कळतें. राक्षसास तें कळावयास पांचवा अंक यावा लागतो, आणि त्या क्षणीं त्याला राज्य गमावल्यापेक्षां मित्र गमावल्याचें दुःख अधिक होतें. येथें खोटें नांव ही नुसती युक्ति राहत नाहीं. ज्या नांवानें आपण कोणाला वर्षानुवर्षें मित्र म्हणून हांक मारली, तें नांवच खोटें होतें, हा घाव केवढा असेल! हेरकथा लिहिणाऱ्या मुलांनीं हें विसरूं नये. खोट्या नांवाची किंमत नेहमीं कोणीतरी मोजतो, व बहुधा तो विश्वास ठेवणारा असतो.

ह्या नाटकाचें एक न्यून सांगावयाचें तर तें असें: सिद्धार्थक व समिद्धार्थक हीं दोन नांवें एकाच प्रवेशांत आलीं म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. वाचक नांव पूर्ण वाचीत नाहीं. पहिलें अक्षर व शेवट पाहून पुढें जातो. म्हणून आपल्या कथेंत विनायक, विश्वास व विलास अशीं तिघांस एकत्र आणूं नये.

नांव नसलेले हेर

कांहीं लेखकांनीं हेरास नांवच दिलेलें नाहीं, आणि तेंही जाणूनबुजून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हेरांचे प्रकार नऊ आहेत: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस, सत्री, तीक्ष्ण, रसद व भिक्षुकी. हीं सर्व सोंगांचीं किंवा कामांचीं नांवें आहेत, माणसांचीं नव्हेत. दोन्हीकडून वेतन खाणाऱ्यास तेथें 'उभयवेतन' असा नेमका शब्द आहे. ह्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ति रा. प. कंगले ह्यांनीं सिद्ध केली व मुंबई विद्यापीठानें ती १९६० ते १९६५ ह्या काळांत तीन भागांत छापिली. राज्यशास्त्राच्या दृष्टीनें हेर म्हणजे एक जागा; तेथें आज एक माणूस, उद्यां दुसरा. भारवीच्या 'किरातार्जुनीय' काव्याचा आरंभही एका हेराच्या वृत्तांतानें होतो. ब्रह्मचाऱ्याच्या वेषांत दुर्योधनाचें राज्य पाहून आलेला हा माणूस कवीला फक्त 'वनेचर' आहे. तो निर्भयपणें खरें बोलतो, बक्षीस घेतो व निघून जातो.

हीच गोष्ट मुंबईंत जन्मलेल्या एका इंग्रज लेखकानें निराळ्या रीतीनें साधली. रडयार्ड किपलिंग हा १८६५ सालीं जे. जे. कलाशाळेच्या आवारांत जन्मला; त्याचा पिता तेथें शिक्षक होता. त्याच्या 'किम' (१९०१) ह्या कादंबरींत सरकारी हेरांस नांवांऐवजीं अक्षरें व आंकडे दिलेले आहेत. घोड्यांचा व्यापारी महबूब अली हा सी. २५, आणि आगगाडीच्या डब्यांत जिवाच्या भीतीनें थरथरणारा एक माणूस तो ई. २३. हा ई. २३ जातीचा मराठा आहे, असें लेखक सांगतो. परंतु त्याचें नांव आपणांस शेवटपर्यंत कळत नाहीं. किम गळ्यांतील ताइतावरून व ठराविक शब्दांवरून त्याला ओळखतो, त्याच्या अंगाला राख फांसून त्याला गोसावी बनवितो व त्याचे प्राण वांचवितो. आपल्या मराठी वाचकास येथें किंचित् रुखरुख लागते: ह्या माणसाची आई त्याला काय म्हणत असेल? असा प्रश्न वाचकाच्या मनांत उभा राहणें हाच त्या आंकड्याचा परिणाम होय.

नांव जसें लपवितां येतें तसें ठिकाणही लपवितां येतें. १९४२ च्या चळवळींत मुंबईंतून जें गुप्त नभोवाणी केंद्र चाललें, तें आपण हिंदुस्थानांतील कोठून तरी बोलत आहों एवढेंच सांगे. विल्सन कॉलेजांत शिकलेल्या उषा मेहता व त्यांचे सहकारी जागा सारख्या बदलीत; अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत पोलिसांनीं त्यांस पकडलें. 'कोठून तरी' हें त्या केंद्राचें वेषाचें नांवच म्हणावयाचें.

बहिर्जीपासून झुंजारापर्यंत

मराठी इतिहासांतील हेर म्हटला कीं बहिर्जी नाईकांचें नांव ओठांवर येतें. शिवछत्रपतींच्या हेरांचे ते प्रमुख होते. हें नांव 'बहिरा' ह्या शब्दावरून आलें असें कित्येक मुलें समजतात व गंमत मानतात. परंतु बहिरव, बहिरोबा हीं भैरव ह्या देवाच्या नांवाचीं मराठी रूपें आहेत, आणि बहिर्जी हें नांव त्यांतलेंच. 'नाईक' हा अधिकाराचा शब्द. म्हणजे स्वराज्याच्या हेरप्रमुखाचें नांव हें गांवोगांवच्या ग्रामदैवताचें, कोणत्याही वाडींत आढळेल असें नांव होतें. ऐतिहासिक गोष्ट लिहितांना आपणही त्या काळाला व त्या मुलखाला शोभेल असेंच नांव निवडावें. रायगडाच्या पायथ्याशीं वावरणाऱ्या हेरास अलीकडच्या पाळण्यांतलें नांव दिलें तर वाचक पहिल्याच ओळींत हंसेल, आणि हंसलेला वाचक पुन्हां भीत नाहीं.

तपास लावणाऱ्या दुसऱ्या जातीच्या गुप्तहेरास मराठींत खरें घर मिळवून दिलें तें बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) ह्यांनीं. त्यांचें मूळ नांव चंद्रकांत सखाराम चव्हाण; म्हणजे नायकांस नांवें देण्यापूर्वीं लेखकानें स्वतःसच एक निराळें नांव दिलें होतें. त्यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या नायकांचीं नांवें तपासून पाहावीं. 'झुंजार' म्हणजे लढवय्या; ह्या नांवाला आडनांव नाहीं, गांव नाहीं, पण उच्चारतांच चाल कळते. 'काळापहाड' हें नांव सोळाव्या शतकांत ओरिसावर चालून गेलेल्या एका सेनापतीमुळें पूर्वींच लोकांस भयकारी वाटत आलेलें. 'दर्यासारंग' ही शिवकालीन आरमारांतील पदवी. 'धनंजय' हें अर्जुनाचें नांव; त्याच्या जोडीला 'छोटू' हें घरगुती, हांक मारण्याचें नांव. एक भारदस्त व एक हलकें अशी जोडी जमली म्हणजे संभाषणांतही दोघांचे आवाज वेगळे ऐकूं येतात.

नांवांच्या अशा जोड्या एकदम जमत नाहींत. सर आर्थर कॉनन डॉइल ह्यांनीं आपल्या जगप्रसिद्ध नायकासाठीं प्रथम 'शेरिनफर्ड' हें नांव टिपून ठेवलें होतें, व त्याच्या डॉक्टर मित्राचें नांव ऑर्मंड सॅकर ठेवण्याचा विचार होता. १८८७ सालीं कथा प्रसिद्ध झाली तेव्हां ते शेरलॉक होम्स व जॉन वॉटसन झालेले होते. इयान फ्लेमिंग ह्यांस उलट अगदीं साधें नांव हवें होतें. वेस्ट इंडीज बेटांतील पक्ष्यांवरच्या पुस्तकाच्या कर्त्याचें 'जेम्स बाँड' हें नांव त्यांनीं उचललें व १९५३ सालीं आपल्या हेरास दिलें. बंगालींत शरदिंदु बंद्योपाध्याय ह्यांचा ब्योमकेश हा पहिल्या भेटींत अतुलचंद्र मित्र ह्या नांवानें वावरतो, आणि स्वतःस डिटेक्टिव्ह न म्हणवितां 'सत्यान्वेषी' म्हणवितो. मराठींत पुढें गुरुनाथ नाईकांनीं 'कॅप्टन दीप' आणला, त्यांत लष्करी हुद्द्यानें नांवास वजन आलें; आणि भा. रा. भागवतांनीं बनेश फेणे ह्या शाळकरी पोराला 'फास्टर फेणे' करून टाकलें. चपळ मुलास वर्गांत टोपणनांव पडतेंच. भागवतांनीं तीच रीत कथेंत नेली.

नांवानें कोणावर आळ येतो?

आतां ज्या गोष्टीकरितां हा लेख मुख्यतः लिहिला, ती सांगतों. नायकाचें नांव आपण जपून ठेवतों. खलनायकाचें नांव ठेवतांना मात्र हात सैल सुटतो. फितूर कोण असावा, विष कोणीं घालावें, नकाशा कोणीं विकावा हें ठरलें कीं त्याला एका विशिष्ट जातीचें, धर्माचें किंवा प्रांताचें नांव देऊन लेखक मोकळा होतो. कारण मग त्याचा दुष्टपणा निराळा सिद्ध करावा लागत नाहीं, असें त्यास वाटतें. हा आळस आहे, आणि तो निरुपद्रवी नाहीं. गिरगांवापासून लालबागेपर्यंतच्या कोणत्याही शाळेंत एका बांकावर किती तऱ्हांचीं नांवें शेजारीं शेजारीं बसतात, हें हजेरीच्या वेळीं कान देऊन ऐकावें. तुमची गोष्ट वर्गांत वाचली गेली, आणि त्यांतील विश्वासघातक्याचें आडनांव तुमच्या शेजाऱ्याचें निघालें, तर त्यानें त्या वेळीं कोणीकडे पाहावें? दहा गोष्टींत दहाही फितूर एकाच समाजाचे निघाले, तर अकराव्या वेळीं वाचक पुरावा मागणारच नाहीं. कथेंतील संवय मग रस्त्यावर उतरते.

शिवाय असें नांव कलेच्या दृष्टीनेंही कच्चें. आडनांवावरून माणसाचा धर्म कळतो हा समज मुंबईंत पदोपदीं खोटा ठरतो. बेने इस्रायल ज्यूंचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर ह्यांचें आडनांव अलिबागेजवळच्या किहीम गांवावरून आलेलें. कोंकणांतील गांवांवरून आलेलीं 'कर' अंत्याचीं आडनांवें त्या समाजांत अनेक आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक व 'स्मृतिचित्रे'कर्त्या लक्ष्मीबाई टिळक हे ख्रिस्ती होते. आडनांव मात्र तेंच राहिलें. ज्या शहरांत नांव आणि माणूस ह्यांचा संबंध इतका गुंतागुंतीचा, तेथें नांव पाहून दोषी ओळखणारा कथेंतला गुप्तहेर हा वाईट गुप्तहेर होय. उलट, आडनांवावरून सारे एक तर्क करतात व तो साफ चुकतो, अशी योजना केली तर तीच उत्तम रहस्यकथा होईल. वाचकास चकविण्यासाठीं नांव वापरावें. माणसास दोषी ठरविण्यासाठीं वापरूं नये.

नामकरणाचे कांहीं नियम

वरील विवेचनावरून विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी मनांत ठेवाव्यात.

पहिली: नांव ठेवण्यापूर्वीं त्या माणसाचें जन्मवर्ष, गांव व आईबाप ठरवावे. कथेंत त्यांचा उल्लेख आला नाहीं तरी चालेल. परंतु नांव त्यांतूनच उगवलें पाहिजे.

दुसरी: वेषाच्या नांवाची परीक्षा घ्यावी. समजा, गिरण्या भरभराटींत होत्या त्या काळीं आपला हेर लालबागेच्या चाळींत गिरणीकामगार म्हणून शिरला. खानावळींत पहिल्याच रात्रीं त्याला नांवापेक्षां गांव अधिक विचारतील, कारण एका गांवचे लोक एका खोलींत राहत. नुसतें 'सखाराम' म्हणून भागणार नाहीं. कोणत्या वाडीचा, कोणाचा कोण, जत्रा कोणत्या देवाची, हें त्यास आलें पाहिजे. जें नांव ह्या चार प्रश्नांपुढें टिकत नाहीं, तें कथेंतही टिकत नाहीं.

तिसरी: सांकेतिक नांवानें काम सुचवूं नये. बातमी पळविणाऱ्यास 'वायुदूत' म्हटलें तर शत्रूचें अर्धें काम आपणच केलें. दुसऱ्या महायुद्धांत १९४३ सालीं चर्चिल ह्यांनीं मोहिमांच्या नांवांविषयीं सूचना दिली होती कीं तीं बढाईखोर नसावींत व थिल्लरही नसावींत. कारण ज्या आईचा मुलगा त्या मोहिमेंत पडेल, तिला तें नांव उच्चारावें लागणार आहे. ह्याहून चांगली कसोटी सांगतां येणार नाहीं.

चौथी: कोण कोणास काय म्हणतो, हें ठरवून ठेवावें. आई 'बाळू' म्हणते, चाळींत 'बाळूभाऊ' म्हणतात, कचेरींत आडनांवानें हांक मारतात. परक्या शहराच्या बाजारांत मागून कोणीतरी 'बाळू' अशी हांक मारावी, आणि वेष पालटलेल्या माणसाची मान आपोआप वळावी. एवढ्यावर एक संपूर्ण कथा उभी राहते.

पांचवी: हयात व ओळखीच्या माणसाचें पूर्ण नांव दुष्ट पात्रास देऊं नये, मग तें थट्टेनें कां असेना.

आतां एक अभ्यास. एका कागदावर तीन रकाने आंखावे व त्यांत आपल्या हेराचें जन्मनांव, वेषाचें नांव व सांकेतिक नांव लिहावें. प्रत्येकाखालीं तें कोणीं ठेवलें व कां, हें दोन ओळींत लिहावें. तोच तक्ता नंतर कथेंतील फितुराचाही भरावा, आणि त्यालाही आईनें हौसेनें ठेवलेलें एक नांव असावें. पालकांसही विनंति आहे कीं त्यांनीं आपल्या मुलाचें नांव कोणीं सुचविलें, कोणतें नांव मागें पडलें, घराण्याचें आडनांव कोणत्या गांवावरून वा कामावरून आलें, ही हकीकत त्यास एकदां सावकाश सांगावी. स्वतःच्या नांवाची गोष्ट ज्यास ठाऊक आहे, तो दुसऱ्याला नांव देतांना घाई करणार नाहीं.